राखाडी मांजराची परीक्षा

मंडळात नवीन कोणी आलं की त्याला आधी चहा मिळायचा आणि मग मांजर दाखवलं जायचं. मांजर म्हणजे फोटोतलं. पांढऱ्या भिंतीपाशी, पांढऱ्या चादरीवर ऐटीत बसलेलं राखाडी मांजर. चित्रात दुसरा एकही रंग नाही. मंडळ ज्यांनी काढलं त्या मास्तरांच्या स्टुडिओत ते राहायचं. मास्तर खरे फोटोग्राफर, पण शिकवायची खोड अशी की गिऱ्हाइकालाही उजेडाबद्दल दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत, म्हणून मास्तर. त्यांनी एकदा रंगीत फिल्मवर हे मांजर टिपलं आणि मित्रांना म्हणाले, "लाल गुलाब कोणीही छापेल. हे छापून दाखवा."

यात खोच होती. रंगीत छपाईत राखाडीइतका हट्टी रंग दुसरा नाही. सगळे रंग एकमेकांना बरोबर तोलून धरतात तेव्हा तो उमटतो. एक जरा वरचढ झाला की मांजर हिरवं होतं, गुलाबी होतं, नाहीतर कावीळ झाल्यासारखं दिसतं. मास्तरांच्या त्या एका वाक्यातून मंडळाचा रिवाज पडला. चित्र उमटवायची कुठलीही नवी रीत कोणी घेऊन आलं की त्याने आधी हे मांजर छापून आणायचं. मूळ फोटो एरवी अंधाऱ्या कपाटात जपलेला असे. त्या दिवशी तो बाहेर निघे, दोन्ही मांजरं एकाच दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवली जात आणि सहा परीक्षक ती पाहत. जमलं तर ती रीत आणि ती आणणारी माणसं मंडळात. नाही जमलं तर पुढच्या वर्षी या.

या सहांमध्ये शेवटचा शब्द मावशींचा.

मावशी कोणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. कॉलेज संपवून त्या मास्तरांच्या स्टुडिओत कामाला लागल्या. फोटोवर राहिलेले धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने बुजवायचे, हे काम. तेव्हा मंडळ म्हणजे स्टुडिओमागच्या खोलीत जमणारे चार-सहा फोटोग्राफर. खोलीला कायम रसायनांचा आंबूस वास. कोणाचं द्रावण किती कोमट, कोणाचा कागद किती ताजा, यावर तासन्‌तास वाद. हात रिकामे झाले की मावशीही त्यात उतरायच्या. फोटोग्राफरांच्या पोराबाळांनी त्यांना मावशी म्हणायला सुरुवात केली, मग बापांनीही तेच धरलं, आणि तिशीच्या आतच त्या जगाच्या मावशी झाल्या.

लग्नानंतर त्या छापखान्यात गेल्या. यजमान तिथेच कंपोझिटर होते, शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करायचे. मावशी शाया जुळवायला लागल्या. एखाद्या डब्यावरचा निळा गेल्या वर्षीच्या निळ्यासारखाच हवा, तर त्यात कशाचा किती थेंब घालायचा हे ठरवायचं. या कामात त्यांची नजर अशी तयार झाली की छापखान्याचा मालकही पहिला कागद त्यांना दाखवल्याशिवाय यंत्र पुढे सोडायचा नाही.

त्या सुमारास छापखान्यातल्या लोकांनी मंडळाचं दार वाजवलं. फोटोग्राफर नाक मुरडून म्हणाले, "तुमचं चित्र म्हणजे नुसते ठिपके. भिंगातून बघा, मांजराला देवी आल्यात." मावशी त्या दिवशी व्हरांड्यात उभ्या होत्या, छापखानेवाल्यांच्या बाजूने. ज्या खोलीत त्या एकेकाळी रोज बसत होत्या, तिच्याच दाराबाहेर. पहिल्या वर्षी ठिपक्यांचं मांजर नापास झालं, दुसऱ्या वर्षी पास झालं, आणि पाटीवर 'छायाचित्रण'च्या पुढे 'व मुद्रण' असं रंगवलं गेलं.

पुढे हेच होत राहिलं. झेरॉक्सवाले आले. त्यांचं पहिलं मांजर कोळशाच्या वखारीत लोळून आल्यासारखं होतं, हसून हसून सभा तहकूब करावी लागली. नंतर त्यांनी शाईची पूड अशी काही सुधारली की हसणारे गप्प बसले. कॉम्प्युटरवर चित्र तयार करणारे आले, त्यांनाही दोन वर्षं रडवून मग आत घेतलं. दर वेळी भांडण, दर वेळी मांजर, दर वेळी पाटी. पाटी इतक्यांदा रंगवून झाली की रंगाऱ्याला मानद सभासद करून टाका, असं यजमान म्हणायचे.

आणि मग आली मावशींची लेक.

ती ज्या प्रयोगशाळेत काम करायची तिथे शाईचे डोळ्यांना न दिसणारे थेंब उडवून छपाई व्हायची. कागदावर व्हायची, कापडावर व्हायची, आणि एक गट तर त्याच पद्धतीने वीज वाहून नेणारी शाई वापरून पातळ पट्ट्यांवर अख्खं सर्किट छापायचा. दुसरा गट इस्पितळांसाठी काम करायचा, शरीराच्या आतल्या चित्रांमधल्या राखाडी छटा अचूक उमटाव्यात म्हणून. मास्तर असते तर त्यांनी या मंडळींना घरी जेवायला बोलावलं असतं. पण मास्तर नव्हते. आता अध्यक्ष होते केस काळेभोर ठेवणारे एक गृहस्थ, ज्यांना पाठीमागे सगळे चिरतरुण म्हणत. सभेला माणसं कमी आणि खुर्च्या जास्त, अशी स्थिती आली होती. तरीही रिवाज तो रिवाज.

लेकीचं मांजर पहिल्या वर्षी दिव्याखाली आलं. मावशींनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. मन घट्ट केलं आणि म्हणाल्या, "पिवळट आहे." बाकीच्या पाचांनी आपापल्या चिठ्ठ्या उघडल्या. पाचांवरही पिवळट.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं. त्या संध्याकाळी घरी जेवणं झाली. भांडी आवरताना लेक म्हणाली, "आई, यंत्राने मोजलंय. दोन्ही सारखी आहेत."

"यंत्राला विचारून कोणी चित्र बघतं का?"

"तुला विचारून तरी कोण बघतं? लोक आपापल्या डोळ्यांनी बघतात."

"मग लोकांना दाखव की. मला कशाला दाखवतेस?"

यजमान टॉवेलला हात पुसत म्हणाले, "मी खिळेवाला माणूस. माझ्याकडे दोनच रंग, शाई आणि कागद. मला यात ओढू नका."

"तुम्हाला कोणी ओढत नाहीये बाबा. पण ऐकून ठेवा. पुढच्या सभेत जमलं नाही तर आमची प्रयोगशाळा वेगळं मंडळ काढतेय. सगळ्यांचं ठरलंय."

"आणि तू?" मावशींनी विचारलं.

"मी त्यांच्यातच आहे ना, आई."

त्यानंतर मावशींच्या जिवाला घोर लागला. नवे गेले की जुनं मंडळ फार तर चार वर्षं काढेल, हे त्यांना दिसत होतं. त्याहून खुपत होतं ते वेगळंच. लेक आता घरी कामाचं बोलेनाशी झाली होती. आधी ताटावर बसल्या बसल्या थेंब, कागद, शाई असं सुरू व्हायचं, "आधी घास गिळ" म्हणावं लागायचं. आता विचारलं तर "चाललंय" एवढंच. मावशींना वाटायचं, माझी पोर म्हणून मी जरा जास्तच कडक झाले का? पण मग त्या बाकीच्या पाच चिठ्ठ्या आठवायच्या. त्यांना कुठे माहीत होतं मी काय म्हणणार आहे? सहा अनुभवी नजरा एकच सांगतात तेव्हा खोट मांजरातच असणार. स्वतःला असं समजावलं की थोडा वेळ बरं वाटायचं, आणि लेकीच्या खोलीचं दार बंद झालेलं ऐकू आलं की पुन्हा पहिले पाढे.

अशात एक दिवस छापखान्यात जुन्या सोबत्यांना भेटायला गेलेल्या मावशींची जिन्यावर शेवटची पायरी चुकली. मुरगळण्यावर निभावलं, पण लेकीने हट्टाने डोळे तपासायला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी एक डोळा करू, महिनाभराने दुसरा, असं ठरलं.

पट्टी काढली तेव्हा समोर डॉक्टर होती, लेकीच्याच वयाची. मावशींनी डोळा किलकिला करून खोली पाहिली आणि विचारलं, "भिंत निळसर रंगवलीय का हो?"

"पांढरी आहे, काकू."

"पांढरा मला शिकवू नका, जन्म गेला त्यात. निळी झाक आहे तिला."

डॉक्टर हसली. "आता दुसऱ्या डोळ्याने बघा."

मावशींनी नव्या डोळ्यावर तळहात धरला. भिंत एकदम सायीच्या रंगाची झाली, थोडी चहाकडे झुकलेली. हात काढला, पुन्हा पांढरी. झाकला, पुन्हा साय. लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तशा त्या करत राहिल्या.

"तुमच्या डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडलं होतं," डॉक्टरने सांगितलं. "हळूहळू पडतं, म्हणून कळत नाही. आता तिथे नवं, स्वच्छ भिंग बसवलंय."

"सगळ्यांचंच पडतं?"

"साठीच्या पुढे बहुतेकांचं. कमीजास्त."

मावशींचा हात डोळ्यावरच राहिला. मंडळाचे सहाही परीक्षक त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले. अनुभवी हवेत म्हणून निवडलेले, आणि अनुभव काही कोणाला पंचविशीत येत नाही. त्यांच्यातल्या सगळ्यात तरुणाला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

परतीच्या वाटेवर टॅक्सीत त्यांना एक शंका आली. त्यांनी ती लेकीलाच विचारली, बऱ्याच दिवसांनी कामाचं काहीतरी विचारलं. "पण मी तर दोन्ही मांजरं शेजारी ठेवून बघते. डोळ्यात पिवळी काच असली तर ती दोघांनाही सारखीच लागेल ना?"

लेक खिडकीबाहेर बघत होती. ती हळूच वळली. "नाही लागणार," ती म्हणाली, आणि बोटं मोजायला पुढे केली. "हे बघ. दोघींनी शंभर बेरीज करायची. एकीने पन्नास आणि पन्नास घेतले. दुसरीने ऐंशी आणि वीस. बेरीज एकच. आता एक चोर येतो आणि दोघींच्या पहिल्या आकड्यातला निम्मा उचलून नेतो. काय उरलं?"

"एकीचे पंचाहत्तर," मावशी म्हणाल्या. "दुसरीचे साठ."

"आमची शाई आणि आमचा कागद इंद्रधनुष्याच्या निळ्या टोकाच्या उजेडावर जास्त भिस्त ठेवतो. जुना फोटो तेवढी ठेवत नाही. तुझ्या डोळ्यातल्या पिवळ्या काचेने नेमका तोच उजेड अडवला. आमचंच नुकसान जास्त झालं." ती थांबली. "आणि हे मी रोज शिकते गं, आई. वेगवेगळ्या डोळ्यांचं वेगवेगळं जुळतं, पुस्तकात धडा आहे. पण तुझे डोळे असे असतील हे माझ्या मनातच आलं नाही. तुझे डोळे चुकतात असं घरात कधी झालंच नव्हतं."

घरी आल्यावर मावशींनी लेकीचं नापास मांजर आणि तुलनेसाठी मूळ फोटोची स्टुडिओतली जुनी जोडप्रत खिडकीशी मांडली. जुना डोळा म्हणाला, पिवळट. नवा डोळा म्हणाला, कुठे काय? जुळ्या बहिणी आहेत.

यजमानांना सगळं सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, "मग झालं तर. पुढच्या सभेत पास करून टाक."

"मी एकटीने करून काय होतं? बाकीचे पाच पिवळटच म्हणणार. आणि लोक काय म्हणतील? पोरीसाठी म्हातारीचे डोळे फिरले."

"एक डोळा फिरलाय खरा," यजमान म्हणाले.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. "मला उपकाराचं मांजर नकोय," ती म्हणाली. "पास झालं तर सगळ्यांसमोर होऊ दे. नाहीतर आम्ही आमचं बघू."

मावशी त्या आठवड्यात फार अस्वस्थ होत्या. कांदा चिरता चिरता मध्येच सुरी ठेवून एक डोळा झाकून उभ्या राहायच्या. सांगितलं तर आजवर आपण परत पाठवलेल्या प्रत्येक मांजराबद्दल लोक शंका घेणार. नाही सांगितलं तर लेक दाराबाहेर राहणार, आणि या वेळी तिला बाहेर ठेवणारी आपण असू. ठिपकेवाल्यांबरोबर व्हरांड्यात उभं राहून आतल्यांचा जो राग आला होता, तो त्यांना अजून आठवत होता.

सभेच्या दिवशी हॉल कधी नव्हे तो भरला. प्रयोगशाळेची सगळी तरुण मंडळी शेवटचा निकाल ऐकायला आली होती. दिवा लागला, दोन मांजरं मांडली गेली. अध्यक्षांनी चिठ्ठ्या वाटायला घेतल्या तेव्हा मावशी उठल्या.

"चिठ्ठ्या जरा थांबवा. आज सगळ्यांनी बघायचं. जुन्यांनी, नव्यांनी, चहावाल्यानेही. फक्त एक करायचं. वयाप्रमाणे रांग लावायची. सगळ्यात लहान पुढे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्ष म्हणाले, "मावशी, हे कुठल्या नियमात बसतं?"

"कुठल्याच नाही. तुम्ही कुठे उभे राहताय?"

"मी… मधे कुठेतरी."

"मधे?" मागून एक म्हातारे परीक्षक म्हणाले. "अहो, शाळेत तुम्ही माझ्या पुढे दोन वर्षं होतात."

हशा पिकला आणि अध्यक्ष कुरकुरत शेपटाकडे गेले. त्यांच्या आधी कोण यावरून दोन आज्यांचं जरा जुंपलं, शेवटी दोघी हात धरून एकत्रच उभ्या राहिल्या. रांग पुढे सरकू लागली. प्रत्येकाने दिव्याखाली पाहायचं आणि दोनच उत्तरांपैकी एक द्यायचं, सारखी किंवा पिवळट. कोणाच्या कानावर कोणाचं पडू नये म्हणून उत्तर लेकीच्या एका सहकाऱ्याच्या कानात सांगायचं, तो फळ्यावर एकाखाली एक लिहीत होता, आणि फळा लोकांकडे पाठ करून होता.

रांग संपायच्या आधी मावशी दोनदा दिव्याखाली गेल्या. एकदा तरुणांमध्ये घुसून, जुन्या डोळ्यावर हात धरून. "वशिला," कोणीतरी पुटपुटलं. दुसऱ्यांदा म्हाताऱ्यांमध्ये आपल्या जागी, नव्या डोळ्यावर हात धरून.

मग फळा फिरवला. वरपासून निम्म्याच्याही खालपर्यंत सारखी, सारखी, सारखी. मग दोन-तीन ठिकाणी घोळ. आणि तिथून तळापर्यंत पिवळट, पिवळट, पिवळट. मावशी दोन्हीकडे होत्या.

मग मावशींनी आपल्या डोळ्याची सगळी हकिगत सांगितली, भिंतीपासून टॅक्सीतल्या चोरापर्यंत. "आपल्या सहा जणांचं एकमत व्हायचं ते आपली नजर तयार होती म्हणून, असं मी समजत होते," त्या म्हणाल्या. "आपण एकाच वयाचे होतो, एवढंच."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे आता माझाही डोळा…"

"दाखवून घ्या. दुखत नाही."

टाळ्या सुरू झाल्या. लेकीच्या गटातला एकजण "मग पास?" असं म्हणत पुढे आला. पण मावशी पुन्हा दिव्याकडे वळल्या होत्या. जुन्या डोळ्यावर हात, नवा डोळा कागदाला टेकेल इतका जवळ.

"राखाडी पास," त्या म्हणाल्या. "पण ही हनुवटीखालची सावली बघा. आडव्या बारीक रेघा आहेत, कंगवा फिरवल्यासारख्या. मास्तरांच्या मांजराने कधी कंगवा पाहिला नव्हता."

सगळे लेकीकडे बघू लागले. ती पुढे आली, वाकली, आईच्या खांद्याशी खांदा लावून तिने ती सावली पाहिली आणि ओठ दाबून हसली.

"हे मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "तुला दिसणार नाही वाटलं होतं."

"चलाख आहेस."

"थेंब सोडणारी पट्टी पुढे सरकते ना, त्याचा सांधा राहतो. दोन महिने झगडतोय आम्ही. जात नाही."

"शाई कागदावर पसरायच्या आधीच सुकत असेल. छापखान्यात ऑफसेट यंत्रावर आम्हालाही व्हायचं असं काहीतरी. आमचं कारण वेगळं होतं, पण सांग तरी मला नीट."

त्या दोघी तिथेच कागदावर वाकून बोलत राहिल्या. मागे अध्यक्षांनी घसा खाकरून सभेचा कारभार आटोपला. असं ठरलं की प्रयोगशाळेची माणसं आजपासून सभासद, मांजराची हनुवटी दुरुस्त करून आणायला त्यांना वर्षभराची मुदत. आणि यापुढे परीक्षकांत विशीपासून सत्तरीपर्यंत प्रत्येक दशकातला एकजण असेल, यंत्राचं मतही शेजारी मांडलं जाईल. विरोधात एकच हात वर झाला, तोही रंगाऱ्याचा. पाटी पुन्हा लिहायची तर या वेळी नाव छोटं ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

घरी परत येताना लेक सारखी बोलत होती. शाई किती वेळात सुकते, कागदाचा लेप कोणता, थेंब केवढा. यजमान मागून पिशवी घेऊन चालले होते. फाटकाशी आल्यावर मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मी पुढे ढकलावं म्हणते. एक जुना डोळा असू दे. परीक्षेला लागेल."

"आई," लेकीने कुलूप काढत म्हटलं, "मंडळात जुन्या डोळ्यांचा तुटवडा आहे का? डॉक्टरला मी फोन करते. तू आधी तुमच्या ऑफसेटच्या सांध्याचं सांग."

"आधी आत तर येऊ दे," मावशी म्हणाल्या, पण सांगायला त्यांनी दारातच सुरुवात केली.